एका तासाचं पाणी

जिजींनी कुठल्याही लग्नात शेवटचं मंगलाष्टक ऐकलं असेल, असं मला वाटत नाही. तिसरं-चौथं सुरू झालं की त्या हातातल्या अक्षता शेजारच्या बाईच्या मुठीत ओतायच्या, "माझ्या वाटच्या तूच टाक गं," म्हणायच्या आणि मांडवाबाहेर पडायच्या. नवरा-नवरीच्या गळ्यात हार पडेपर्यंत जिजी रस्त्याला लागलेल्या असत. घरी जाऊन काय काम असायचं? काही नाही. अंगणातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून अंगणापर्यंत चालत राहायच्या.

त्यांचा चहा कधी उकळला नाही. पातेल्याच्या कडेला पहिले बुडबुडे आले की खाली. पत्ती पाण्यात नुसती पोहत असायची आणि जिजी विचारायच्या, "झाला का पिऊन?" कप अजून माझ्या हातात आलेला नसायचा.

शिक्रापूरला हायवेवरून आत वळलं की डाव्या हाताला त्यांचं घर, आणि घरामागं दहा खोल्यांची एक ओळ. सातव्या खोलीत मी चार वर्षं राहिले. माझं घर दौंडला. नोकरी शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत, डिस्पॅचला. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठल्या कागदावर, किती वाजता, हे माझं काम. बाकीच्या खोल्यांत बिहारची, ओडिशाची, लातूर-बीडकडची पोरं. सगळ्यांची शिफ्ट जिजींना पाठ. सहाच्या शिफ्टवाल्यांची दारं त्या पाचला वाजवायच्या, आणि त्यांचं हिंदी असं होतं: "अरे उठो, जल्दी उरको!" ओडिशाच्या एका पोराला बरेच दिवस 'उरको' हा हिंदीच शब्द वाटत होता. त्यानं तो कंपनीत वापरला आणि त्याचा सुपरवायझर, जो जवळच्याच कवठे येमाईचा होता, हसून हसून खाली बसला.

जिजी साठीच्या पुढच्या. सडपातळ, काटक, नऊवारीचा काष्टा कायम वर खोचलेला. जेवायच्या उभ्यानं. तळहातावर भाकरी, भाकरीवर कोरड्यास, आणि पाण्याच्या मोटारीपाशी उभं राहून चार घासांत जेवण संपायचं. मी एकदा म्हणाले, "जिजी, दोन मिनिटं बसा की." म्हणाल्या, "बसलं की मागचं आठवतं." तेव्हा मला ते नेहमीसारखंच एक बोलणं वाटलं.

वाट बघणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी एक उपाय काढला होता. कुठंही जायचं असलं की त्या आदल्या दिवशी एकदा जाऊन यायच्या. शिरूरला डोळ्याचं ऑपरेशन होतं, तर आदल्या दिवशी एसटीनं शिरूरला जाऊन दवाखान्याचं फाटक, जिना, नंबर लावायची खिडकी, सगळं बघून परत. "म्हंजी उद्याला तिथं जाऊन 'कुठं, कुठं' करत बसायला नको." भाचीच्या बारशालासुद्धा आदल्या दिवशी जाऊन आल्या होत्या. भाचीच्या सासूला वाटलं, या दिवस चुकल्या. तिनं जेवायला वाढलं. जिजी उभ्यानं जेवल्या, पाळणा कुठल्या खोलीत बांधणार ते बघितलं आणि निघाल्या.

त्यांना दोन मुलगे. मोठा सिंगापूरला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत, बायको-मुलीसह. धाकटा पाबळला वेल्डिंग शिकला, मग असाच फिरत फिरत जहाजांच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. ते गाव इंडोनेशियात, बातम नावाचं. मोठ्याचा फोन रविवारी सकाळी यायचा, धाकट्याचा रविवारी संध्याकाळी. दोन्ही फोन जिजी अंगणात फेऱ्या मारत घ्यायच्या. दोघं एकमेकांबद्दल अवाक्षर काढत नसत. गावात सगळ्यांना कारण माहीत होतं. आबा, म्हणजे जिजींचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेले. धाकटा वाटेत होता, सकाळी पोचणार होता, 'थांबा' म्हणाला होता. मोठा थांबला नाही. रात्रीच सगळं केलं. सकाळी सातला धाकटा दारात उतरला तेव्हा त्याला दाखवायला नुसती राख होती. तेराव्यानंतर तो जो गेला, तो परत शिक्रापूरला आला नाही.

एका रविवारी मी दौंडला गेले नव्हते. जिजी माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "पोरी, तुझ्या मोबाईलमधी जगाचा नकाशा हाय का?"

मी उघडून दिला.

"मोठ्याचं गाव दाखव."

दाखवलं. समुद्राच्या काठाला टेकलेलं एक बेट, जेमतेम चिंचोक्याएवढं.

"आन् धाकट्याचं?"

बोट जरा खाली सरकवलं. दुसरं बेट. मध्ये निळ्या पाण्याची एक पट्टी.

जिजींनी दोन्ही ठिकाणांवर एकेक बोट ठेवलं. मग अंतर मोजल्यासारखं केलं. "ह्ये येवढंच?"

"बोट जाते मधून. तासाभरात पोचते."

"रोज जाती?"

"दिवसातून कितीतरी वेळा जाते."

जिजींनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि अंगणात गेल्या. त्या दिवशी त्यांनी किती फेऱ्या मारल्या, देव जाणे.

पुढं दोन-तीन महिन्यांनी मोठ्यानं त्यांना सिंगापूरला बोलावलं. नात आजी-आजी करत होती. तिकीट काढलं, व्हिसाचा कागद मोबाईलवर पाठवला. जिजी तो कागद दाखवायला पहाटे पाचला माझ्या दारात. मला वाटलं, उठवायच्या पोराचं दार चुकल्या.

"तू डिस्पॅचला हायेस ना?"

"हो."

"मंग मला एक माल धाडायचाय. सिंगापूरवरनं बातमला. सकाळी जायचा, संध्याकाळी परत यायचा."

"कसला माल?"

"मी."

असं ते सुरू झालं. मोठ्याला यातलं काही कळता कामा नये, ही अट. का, ते सांगितलं नाही. "त्यो न्हाई म्हणंल," एवढंच. धाकट्याला मात्र सांगायचं होतं, फक्त तिकडच्या धक्क्यावर न्यायला ये म्हणून. सकाळी आठला मोठ्याच्या घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडतं, संध्याकाळी आठला पहिलं माणूस घरी येतं. मधले बारा तास आमचे.

मी कामाला लागले. खरं सांगते, मला त्यात मजा यायला लागली होती. रोज बेअरिंगचे खोके पाठवणारी मी, पहिल्यांदाच एक जिवंत माणूस समुद्रापार पाठवत होते. बोटींचं वेळापत्रक मला पाठ झालं. सिंगापूरला दोन धक्के, बातमला चार-पाच. कुठल्या धक्क्यावरून कुठल्या धक्क्याला, त्यातला धाकट्याच्या खोलीजवळचा कुठला. तिकीट मीच ऑनलाइन काढलं. बातमचा व्हिसा तिथं उतरल्यावर धक्क्यावरच मिळतो, हेही बघून ठेवलं. जिजींना इंग्रजी येत नाही, म्हणून कंपनीतल्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी त्यांना सहा पाट्या करून दिल्या. वर ठळक मराठी, खाली इंग्रजी. पहिली टॅक्सीवाल्याला दाखवायची, दुसरी तिकीट खिडकीवर, तिसरी पासपोर्ट बघणाऱ्या साहेबाला, अशा. वरून पॅकिंगची चिकटपट्टी मारली, घामानं भिजू नयेत म्हणून. प्रत्येक पाटीच्या मागं माझा नंबर.

रोज कामावरून आले की जिजी दारात. "बोल, आज काय ठरलं?"

एकदा मी त्यांना सांगितलं, "जिजी, एक गंमत आहे. बातमचं घड्याळ सिंगापूरच्या तासभर मागं असतं. तुम्ही दहाला निघालात ना, की तिथं पोचाल तेव्हा तिथं दहाच वाजलेले असतील."

जिजींनी मान तिरकी केली. "म्हंजी निघाले तवाच पोचले?"

"तसंच म्हणा."

त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर अशाच एका गाडीची त्या वाट बघत असाव्यात. "आन् येताना?"

"येताना घड्याळात दोन तास जातात."

"मंग यायचंच कशाला!" असं म्हणून हसत हसत त्या मोटार चालू करायला गेल्या.

मग अर्थातच एक दिवस म्हणाल्या, "आदल्या दिशी जाऊन बघून यायला पायजे."

"सिंगापूरला?"

"बोटीत. मी जन्मात बोटीत बसले न्हाई. तिथं जाऊन वकाऱ्या काढत बसले तर लेकाशी बोलू कवा?"

दौंडच्या खाली उजनी धरणाचं पाणी मागं येतं. थंडीत तिथं रोहित पक्षी उतरतात आणि ते बघायला पुण्याहून लोक येतात, तेव्हा तिथले मासेमारी करणारे त्यांना होडीतून फिरवतात. त्यातले एक मामा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. फेब्रुवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी मी जिजींना घेऊन निघाले. शिक्रापूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडपर्यंत एसटीत त्या तीनदा जागेवरून उठून ड्रायव्हरपाशी जाऊन आल्या. पाट्यांचा सराव वाटेतच झाला. मी पासपोर्टवाला साहेब झाले, "पर्पज?" म्हणाले, आणि जिजींनी कमरेच्या पिशवीतून बरोबर तिसरी पाटी काढून माझ्या नाकापुढं धरली.

पाण्याच्या कडेला मामांनी त्यांना हात देऊन होडीत घेतलं आणि म्हणाले, "जिजी, येक करायचं. उठायचं न्हाई. होडी कलंडती."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात."

"किती येळ?"

मी म्हणाले, "एक तास. तिकडं लागतो तेवढाच."

होडी निघाली. छोटं इंजिन फटफटत होतं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्यांचे पाय हलायला लागले, मग हात. पदर सोडून पुन्हा खोचायच्या. काठावर कोण धुणं धुतंय, ऊस कुणाचा, पलीकडचं गाव कुठलं, प्रश्नावर प्रश्न. मध्यावर आल्यावर मामांनी इंजिन बंद केलं. लांब उथळ पाण्यात पक्षी उभे होते, शे-दीडशे तरी असतील. आवाज झाला तर उडतील, म्हणून मामांनी आम्हाला बोट तोंडावर ठेवून खूण केली.

पाणी एकदम गप्प झालं.

"बंद का केलं?" जिजी.

"पक्षी बघा की, जिजी."

"बगितले. चला."

"थांबा की जरा," मामा म्हणाले.

जिजींनी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. बोटं पांढरी पडली. मला वाटलं, उलटी होतेय. मी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांनी बघितलीच नाही.

"त्यानं बी थांबा म्हणलं हुतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मामांबद्दल बोलताहेत.

"दुपारी तीनला आबा गेले. शिरूरच्या दवाखान्यातनं घरी आणलं पाचला. धाकट्याचा फोन आला, इमानात बसतोय, सकाळी सातला दारात असंन, थांबा. मोठा म्हणला, आई, थांबू, मी बर्फाची लादी आणतो. पाव्हणेरावळे म्हणले, थांबू. येक रात तर काढायची हुती, पोरी. आन् मी म्हणले, उरका."

पुढं केलेली बाटली मी मांडीवर ठेवली.

"अंगणात ठिवलं हुतं त्यांना. माझं मला उठवंना, बसवंना. मी म्हणले, उरका लवकर, मला न्हाई बघवत. मोठा दोनदा म्हणला, आई, त्यो येतोय. मी वराडले त्याच्यावर. मंग त्यानं केलं."

"मग सगळे म्हणतात, मोठा थांबला नाही..."

"सकाळी धाकटा आला. रिक्षातनं उतरला, अंगण बघितलं. म्हणला, कुणी सांगितलं उरकायला? मी तोंड उघडायच्या आत मोठा म्हणला, मी. मी तितंच हुते. दोन हातांवर. गप बसले." कडांवरचे हात त्यांनी अजून सोडले नव्हते. "मागनं मी मोठ्याला म्हणले, मी सांगते त्याला खरं. त्यानं मला शपथ घातली. म्हणला, बाप न्हाई, भाऊ न्हाई, आई तरी ऱ्हाऊ दे त्याला."

"फोनवर का नाही सांगितलंत इतक्या वर्षांत?"

"फोनवर सांगितलं आन् त्यानं फोन ठिवून दिला, तर? मला कळायचं बी न्हाई त्याचं काय झालं. तोंडापुढं असले तर त्याला मला हाकलून तरी द्यावं लागंल."

मामांनी आमच्याकडं न बघता इंजिनाची दोरी ओढली. पक्षी उडाले. एवढे सगळे एकदम उडालेले मी कधी बघितले नव्हते. जिजींनी तिकडं मान वळवली नाही.

मार्चच्या सुरुवातीला त्या सिंगापूरला गेल्या. विमानतळावर आदल्या दिवशी जाऊन यायचं त्यांचं म्हणणं होतं. ते मी मोडून काढलं, पण आठ तास आधी पोचण्यापासून त्यांना अडवता आलं नाही. पंधरा दिवसांनी परतीचं तिकीट. बोटीचा दिवस बारावा.

त्या दिवशी सकाळी मी कंपनीत होते. गाडी भरून उभी होती, ड्रायव्हर कागदांची वाट बघत होता. फोन वाजला. सिंगापूरचा नंबर.

"पोरी, ही बाई काय म्हणती बघ."

तिकीट खिडकीवरची बाई हिंदीत बोलली, तुटक तुटक, पण स्पष्ट. मॅडमचा सिंगापूरचा व्हिसा एका प्रवेशाचा आहे. तो वापरून झाला. मॅडम बातमला जाऊ शकतात. पण तिथून सिंगापूरला परत येऊ शकत नाहीत. काय करायचं ते दहा मिनिटांत सांगा.

 तो कागद मी तीनदा वाचला होता. नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, सगळं तपासलं होतं. त्या एका ओळीवरून माझी नजर तीनदा घसरून गेली होती. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका पकडत होते.

"जिजी," मी म्हणाले, "माझी चूक झाली. तुम्ही घरी जा. मोठ्या दादांकडं. आपण परत कधीतरी नीट करू."

"गेले तर काय व्हईल?"

"परत सिंगापूरला येता येणार नाही."

"शिक्रापूरला येता येईल का?"

"शिक्रापूरला? येईल. बातमहून दुसऱ्या विमानानं. पण जिजी, तुमची बॅग, कपडे, औषधं सगळं तिकडं आहे. दादांना काय सांगाल?"

तिकडं मागं कसली तरी घोषणा चालली होती. जिजी ती संपेपर्यंत थांबल्या. त्यांच्या बाबतीत तेवढंसुद्धा फार होतं.

"मोठ्याकडं बारा दिस ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "धाकट्याकडं मी येक दिस बी ऱ्हायले न्हाई गं कवा." आणि फोन बंद झाला.

मी तसाच फोन धरून उभी. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, कागद?" मी त्याला दुसऱ्याच गाडीचे कागद दिले. तो भला माणूस, वाचून परत आला.

संध्याकाळी मोठ्याचा फोन आला. जिजींची एक पाटी घरातल्या टेबलावर राहून गेली होती, मागं माझा नंबर. आवाज हळू होता. "तुम्ही कोण? माझ्या आईला कुठं पाठवलंत?"

मी सगळं सांगितलं. व्हिसाच्या ओळीसकट. शिव्या बसतील म्हणून तयार होते.

"ती त्याला सांगणार आहे का?" त्यानं विचारलं.

"आत्तापर्यंत सांगितलं असेल."

"मी तिला शपथ घातली होती."

"माहीत आहे मला."

 मागं त्याची मुलगी आजी कुठे म्हणून विचारत होती. मग त्यानं फोन ठेवला.

जिजी तीन आठवड्यांनी शिक्रापूरला परतल्या. टॅक्सीतून उतरल्या त्या थेट खोल्यांच्या ओळीकडं, कुठल्या नळाला गळती लागलीय ते बघायला. मी मागोमाग. सांगतानासुद्धा त्या चालत होत्या, आणि मी त्यांच्या बरोबरीनं, एक नंबरच्या खोलीपासून दहापर्यंत आणि परत.

धक्क्याच्या इमारतीतून बाहेर पडायच्या आधीच त्यांनी धाकट्याला सांगून टाकलं होतं. त्यानं पाया पडायला वाकायच्या आत. "म्हणले, आधी ऐक, मंग पड वाटलं तर." तो पडला नाही. त्यांना टॅक्सीत घालून खोलीवर नेलं, जेवू घातलं, स्वतःच्या पलंगावर झोपवलं, आणि तीन दिवस एक शब्द बोलला नाही. सकाळी कामावर जायचा, संध्याकाळी यायचा, भात लावायचा. "मला वाटलं, हाकललं असतं तर बरं झालं असतं," जिजी म्हणाल्या. "त्या खोलीत फिरायला जागा बी न्हवती."

रविवारी मोठा आला. आईची बॅग घेऊन, कुणालाही न कळवता, पत्ता विचारत विचारत. दार धाकट्यानं उघडलं. सहा वर्षांनी दोघं समोरासमोर. दोघांनी एकदम बॅगेच्या मुठीला हात घातला, आणि ती कुणीच सोडेना. तशीच दोघांच्या मध्ये धरून ती आत आली.

"मंग धाकट्यानं विचारलं," जिजी म्हणाल्या, आणि चार नंबरच्या खोलीपाशी थांबल्या. "मला न्हाई, मोठ्याला. म्हणला, दादा, आबांनी शेवटी माझं नाव घेतलं का रं?"

"मग?"

"मोठ्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्याचा चेहरा ठावा हाय. त्यो व्हय म्हणणार हुता. पुन्ना खोटं बोलणार हुता, माझ्यासाठी न्हाईतर ह्याच्यासाठी. मीच म्हणले, न्हाई. कुणाचंच घेतलं न्हाई. शेतात पडल्यापास्नं त्यांना शुद्धच न्हवती. मोठा आला, त्यो बी त्यांना कळला न्हाई."

धाकटा त्या बॅगेवरच बसला.  मग हुंदके द्यायला लागला, आणि हुंदक्यांतून जे बोलला ते जिजींनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मला सहा वर्षं वाटत हुतं आई, की ते दाराकडं बघत बघत गेले."

कुणी थांबलं नाही याचा राग होताच त्याला. पण त्या रागाच्या खाली हे होतं, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन लेकरं एका बाईच्या पोटची, मध्ये एका तासाचं पाणी, आणि कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढं काय झालं, ते जिजींना नीट सांगता आलं नाही. दोघं खाली जाऊन बसले म्हणाल्या, बराच वेळ. काय बोलले ते ठाऊक नाही. वरच्या खिडकीतून दिसत होते फक्त. एकदा मोठा हात हलवून काहीतरी सांगत होता, एकदा धाकटा. भांडतही असतील. हे सांगता सांगता मधेच ओडिशावाला पोरगा शिफ्टवरून आला आणि जिजी त्याच्यामागं गेल्या, नळ नीट बंद करत नाहीस म्हणून.

मी आता लग्न होऊन शिरूरला असते. जिजींकडं गेले की अजून तोच पत्तीचं पाणी असलेला चहा मिळतो. दोन्ही मुलांचं पुढं काय, असं लोक मला विचारतात, कारण त्या सगळ्या भानगडीत माझा हात होता हे शिक्रापूरभर झालं. मी काय सांगणार? त्यांच्या घरातलं त्यांना ठाऊक.

मोठा बातमला गेला त्या रविवारचं मात्र मी सांगू शकते. तेव्हा मी दौंडला होते. जिजींचा तीन दिवस फोन नव्हता, आणि आईनं वाढलेलं ताट मी तसंच पुढ्यात घेऊन बसले होते. उजेड जायला आला होता. मोबाईलवर मेसेज आला, मोठ्याच्या नंबरवरून. इकडतिकडचं काही नाही, एकच ओळ.

'बातमहून सिंगापूरची शेवटची बोट किती वाजता?'

वेळापत्रक मला पाठच होतं. वेळ पाठवली आणि खाली लिहिलं, पाऊण तास आहे, आत्ता निघालात तर मिळेल.

मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. मी जेवले, ताट धुतलं, आईनं दोनदा विचारलं की फोनकडं एवढं काय बघतेस. पाऊण तास होऊन गेला. मग तासही होऊन गेला.

त्यानंतर त्याचा दुसरा मेसेज आला.

'आणि उद्या सकाळची पहिली?'